तळ्याकाठचं वेखंड

पूर्णा गावात तान्हं मूल कुणाच्या घरी आहे हे शोधायला पाळणा पाहावा लागत नसे. आळीतून जाताना वेखंडाचा वास आला की समजायचं, गोदूबाय आत आहे आणि कुणाचं तरी बाळ तिच्या लांब केलेल्या पायांवर पालथं पडून घर डोक्यावर घेतंय. हमरस्त्यावर कंटेनरांची रांग लागलेली असो नाहीतर समोरच्या गोदामात माल उतरत असो, गोदूबायची बाळाला न्हाऊ घालायची वेळ चुकत नसे. गावातलं जवळपास प्रत्येक डोकं तिच्या तळहाताखालून गेलेलं. आता ज्यांची पोटं सुटली आहेत आणि जे गोदामांच्या भाड्यावर मोठ्या गाड्या फिरवतात, तेही कधीकाळी तिच्या पायांवर उघडेबंब पडून केकाटले होते. ही गोष्ट चारचौघांत ऐकवायला ती कमी करत नसे.

गोड बोलणारी म्हातारी वगैरे ती अजिबात नव्हती. बाळंतीण थंड पाणी पिताना दिसली की तिची खरडपट्टी व्हायची, आणि सासूनं सुनेला पोटभर जेवू घातलं नाही असं कळलं तर सासूची त्याहून जास्त. कुणी साडी द्यायचं, कुणी नारळावर भागवायचं, कुणी तेवढंही नाही. ती दुसऱ्या दिवशी हजरच. जीभ तिखट असली तरी हात इतका मऊ, की आईच्या हातात रडणारं मूल तिच्या हातात गेलं की आळोखेपिळोखे देत डोळे मिटायचं.

आंघोळ झाली, ओव्या-शेपांची धुरी झाली, टाळू तेलानं भरून वर वेखंडाची पूड लावली की ती पदराखालून सहाण काढायची. सहाण तिच्या सासूकडून, आक्काकडून आलेली. घासून घासून मधोमध बशीसारखी खोल झालेली. तिच्यावर आईचं दूध घ्यायचं, मग हळकुंड, सुंठ, जायफळ, मुरुडशेंग असं एकेक उगाळायचं आणि शेवटी वेखंड. मुळी सहाणेवर एकदा गोल फिरवली की तो एक वळसा. मूल महिन्याचं असेल तर एक, दोन महिन्यांचं असेल तर दोन. वजनकाटा नाही की माप नाही, सगळी गुटी मनगटाच्या अंदाजानं.

ही मुळी ती बाजारातून आणत नसे. तिच्या शेताच्या खालच्या अंगाला लहानसं तळं होतं. त्याच्या काठच्या चिखलात वेखंडाची हिरवी पाती उभी असायची. हिवाळ्यात पाणी आटलं की सासू-सुना गुडघाभर चिखलात उतरायच्या, मुळं ओढून काढायच्या, केसमुळं काढून धुवायच्या, बोटाएवढे तुकडे करून सावलीत वाळवायच्या. आक्काचं ठाम मत होतं की हे बाळवेखंड, म्हणजे लेकरांसाठी देवानं वेगळं केलेलं. बाजारात मिळतं ते घोडवेखंड, उग्र, ते गुराढोरांना. आक्कानं हे सुनेला सांगितलं आणि सुनेनं ते गाठीला बांधलं. पुढं अख्ख्या गावाला ते पाठ झालं.

पण गोदूबायचा या मुळीवर जो जीव होता, त्याचं कारण आक्का नव्हती. त्याचं कारण केसरीनाथ.

केसरीनाथ तिचा पहिला मुलगा. कशेळीला माहेरी जन्मलेला आणि सव्वा महिन्याचा झाल्यावर पूर्ण्याला आणलेला. आला तो रडतच. पोट ताठ व्हायचं, पाय पोटाशी घ्यायचा आणि रात्रंदिवस टाहो फोडायचा. नवरा हिरामण त्याला भिवंडीला डॉक्टरकडं घेऊन गेला, बाटलीभर औषध आणलं, ते पाजलं की पोर ओकायचं. आक्का रोज वेखंडाचा एक वळसा द्यायची आणि म्हणायची, वाढवायचा नसतो, त्याच्या वयाला तेवढाच. गोदू तेव्हा विशीचीही नव्हती. पोराचं रडणं तिच्यानं ऐकवेना. आक्काची पाठ वळली की ती सहाण ओढायची आणि दोन वळसे, तीन वळसे, किती ते तिलाही कळत नसे, उगाळून चाटवायची.

आणि पोर शांत झालं. मुठी सैल पडल्या, कपाळावरची आठी गेली. दोन दिवस तो तिच्या मांडीवर नुसता पडून होता. दूध ओढायचा नाही, पण रडायचाही नाही. त्या दोन दिवसांत तिनं त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याच्या भुवया हिरामणसारख्या होत्या, कानाची पाळी तिच्या बापासारखी. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. आक्का म्हणाली नजर लागली.

पुढं गोदूबायला भूपेश झाला, मुली झाल्या, सगळे जगले. पण ज्या घरात लेकरू दगावायचं, त्या घरी ती हटकून जायची आणि त्या आईजवळ बसून आपली गोष्ट सांगायची. "माझा केसरीनाथ गेला, पन रडत न्हाय गेला. मुलीनं त्याला शेवटचं दोन दिस सुखाचं दिलं." वेखंडाच्या मुळीला ती 'मुली' म्हणायची. बायका हे ऐकून डोळे पुसायच्या. बाळांना न्हाऊ घालायचा वसा तिनं त्यानंतरच घेतला होता आणि त्या दोन दिवसांच्या आठवणीवर ती म्हातारी झाली.

मग गोदामं आली. आधी रस्त्यालगत, मग आत, मग तळ्यापर्यंत. गोदूबायनं आदळआपट केली, पण भूपेशचं म्हणणं खोटं नव्हतं. शेतात पीक राहिलं नव्हतं आणि शेजारच्या तीन बाजूंना पत्र्याच्या भिंती उभ्या होत्या. मुरूम टाकायला डंपर आले त्याच्या आदल्या दिवशी ती एकटी चिखलात उतरली आणि हाताला लागलं तेवढं वेखंड उपटून घरी आणलं. ते तिनं पुरवून पुरवून वापरलं. शेवटी मूठभर तुकडे उरले, तेव्हा ते पत्र्याच्या डब्यात घालून देव्हाऱ्याच्या मागं ठेवले. ते आता कुणाच्या गुटीत पडणार नव्हते, ते केसरीनाथचे होते.

तेव्हापासून मुळी येऊ लागली ती भिवंडीच्या बाजारातून, महमूदच्या काष्ठौषधीच्या दुकानातून. लूमच्या खडखडाटाच्या गल्लीत त्याचं बोळकांडीएवढं दुकान. हिरडा-बेहड्यापासून लोबानापर्यंत सगळं पोत्यांत भरलेलं. महमूदच्या घरची नातवंडंही गोदूबायच्या हातची, त्यामुळं तो तिला निवडून मुळी द्यायचा आणि स्टुलावर बसवून चहा पाजायचा. तरी तिच्या मनात अढी होतीच. तळ्याची ती तळ्याची, असं ती त्याच्याच दुकानात बसून त्याला सुनवायची आणि तो हसून मान डोलवायचा.

गेल्या वर्षी शेजारच्या घरात मेघालीला मुलगा झाला. मेघाली नाशिककडची, शिकलेली, पण सासूच्या शब्दाबाहेर नव्हती. गोदूबाय रोज जाऊ लागली. मुलगा सव्वा महिन्याचा असताना एका सकाळी गुटी दिल्यावर तो ओकला, दुपारी पुन्हा ओकला आणि संध्याकाळपर्यंत मान टाकल्यासारखा निपचित झाला. ठाण्याच्या हॉस्पिटलात त्याला सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी काय काय दिलं ते विचारलं आणि वेखंडाचं नाव ऐकून कपाळाला हात लावला. त्यांनी असंही सांगितलं की हे त्यानंच झालं असं छातीठोक म्हणता येणार नाही, दुसरं काहीही असू शकतं; पण यापुढं आईच्या दुधाशिवाय तोंडात काही घालायचं नाही. पोरगं वाचलं आणि आठवड्यानं घरी आलं. गोदूबाय सहाण घेऊन गेली, तेव्हा मेघालीच्या सासूनं दार अर्धंच उघडलं. "आता नको, गोदूबाय," एवढंच ती म्हणाली. दोन दिवसांत आणखी एका घरानं तिला तसंच परत पाठवलं.

ती तडक महमूदच्या दुकानी गेली. गिऱ्हाईक उभं होतं, त्याची तमा न बाळगता तिनं त्याच्या फळीवर मुळीचा पुडा आपटला आणि लेकरांच्या तोंडात घोड्याचं औषध घालायला लावलंस म्हणून त्याला बोल लावला. पन्नास वर्षांत तळ्याच्या मुळीनं कधी कुणाला बाधलं नाही, तुझ्या पोत्यातल्या मालानं पोर मरता मरता वाचलं, असं ती बोलत होती. महमूदनं हुज्जत घातली नाही. माल जिथून सगळे घेतात तिथूनच आपण घेतो एवढं तो हळू म्हणाला. त्या दिवशी तिनं चहा घेतला नाही.

आता गोदूबायला एकच गोष्ट हवी होती. आपली मुळी वेगळी होती हे कुणीतरी सिद्ध करून द्यावं. मेघालीच्या सासूसाठी तर हवंच होतं, पण तिच्या स्वतःसाठी ते जास्त हवं होतं.

आणि हे करू शकणारी पोर तिच्याच घरात होती. भूपेशची मुलगी उन्नती रसायनशास्त्रात संशोधन करत होती आणि योगायोग असा की तिचा विषयच वेखंड होता. ठिकठिकाणचं वेखंड आणायचं, त्याच्या मुळीतलं सुगंधी तेल काढायचं आणि पोटजातीप्रमाणं त्या तेलात काय बदलतं ते पाहायचं. आजीच्या वासात वाढलेल्या पोरीनं दुसरा विषय कशाला घेतला असता? पण घरी ती या कामाबद्दल फारशी बोलत नसे. गोदूबायनं खोदून विचारलं तेव्हा तिनं जपून जपून सांगितलं. पात दिसायला सगळीकडं सारखीच. पण अमेरिकेकडची पोटजात वेगळी, युरोपातली वेगळी, आपल्या हिमालयात मिळते ती वेगळी आणि इथं खाली सखल भागातली आणखी वेगळी. तेलात असारोन नावाचं एक द्रव्य असतं. अमेरिकेच्या मुळीत ते जवळजवळ नसतंच, थंड पहाडातल्या मुळीत थोडं असतं, आपल्याकडच्यात मात्र बहुतेक तेल तेच असतं. ते पोटात जास्त गेलं तर गुंगी येते, उलट्या होतात आणि पुढं जाऊन आणखीही अपाय होऊ शकतो, असं अभ्यासात दिसलंय.

"म्हंजे महमूदचं तसलं," गोदूबाय म्हणाली. "आमचं पहाडातल्यावानी असंल. माझी मुली घाल तुझ्या यंत्रात."

उन्नती घाईघाईनं म्हणाली, तुझी शेवटची मुळी आहे आजी, उकळून वाया जाईल, राहू दे. गोदूबायला तो कंजूषपणा वाटला. तिनं देव्हाऱ्यामागचा डबा काढून नातीच्या हातात दिला. एवढंच नाही, मी स्वतः येऊन बघणार असंही बजावलं. महमूदकडूनही एक पुडा मागवला. त्यानं तो निमूट बांधून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

भूपेशनं दोघींना गाडीनं कॉलेजात सोडलं. प्रयोगशाळेत एकाच बाकावर दोन काचेचे चंबू विजेच्या शेगडीवर ठेवले होते, एकात महमूदची मुळी, दुसऱ्यात तळ्याची, दोन्हींवर पाणी. पाणी उकळून वाफ वर जायची, थंड होऊन एका उभ्या नळीत उतरायची आणि सोबत तेल घेऊन यायची. शेजारी उन्नतीनं आधी केलेली पहाडातल्या मुळीची नळी ठेवली होती. तिच्यात पाण्यावर पिवळसर तेलाचा पातळ थर तरंगत होता. उन्नतीनं समजावलं की नेमकं किती ते मोठं यंत्र सांगेल, पण ढोबळ गोष्ट डोळ्यांनीही दिसते. असारोन पाण्याहून जड असतं. ते कमी असलेलं तेल तरंगतं, ते भरपूर असलेलं तळाला जातं.

हे गोदूबायला कळायला अवघड नव्हतं. ती स्टुलावर बसून राहिली. खोली हळूहळू त्या वासानं भरली. शेजारच्या बाकावरच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. गोदूबायनं मात्र भरभरून श्वास घेतला, कारण हा तिच्या घरचा वास होता, आक्काचा, चिखलाचा, टाळूवरच्या पुडीचा. महमूदच्या नळीत तेल आधी उतरलं आणि थेट बुडाशी जाऊन बसलं. तिनं उन्नतीकडं बघून मान हलवली, म्हणजे मी सांगत नव्हते का.

मग तिच्या नळीत पहिला थेंब पडला आणि पाण्याच्या वरच राहिला.

"तरंगतंय," ती म्हणाली.

"थांब जरा, आजी," उन्नती म्हणाली.

दुसरा थेंब त्याला येऊन चिकटला, तिसरा चिकटला. थेंब फुगला, स्वतःच्या वजनानं खाली लोंबला, पाण्यावरून सुटला आणि सावकाश, डुलत डुलत तळाला गेला. मागून आलेला प्रत्येक थेंब तसाच गेला. गोदूबायनं नळीला नाक लागेल इतकं वाकून पाहिलं. पाणी बदलून बघ, ती म्हणाली. उन्नतीनं तिचं मन राखायला दुसऱ्या स्वच्छ नळीत पाणी घेऊन त्यात एक थेंब सोडला. तोही बुडाला. शेवटी दोन्ही नळ्यांच्या बुडाशी सारखंच पिवळं तेल साचलं आणि कुठली कुणाची हे नळीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता आलं नसतं. डब्यातलं वेखंड चंबूत लगदा होऊन पडलं होतं.

परतताना भूपेश गाडी आणायला गेला, तेव्हा त्या दोघी कॉलेजच्या आवारातल्या बाकड्यावर बसल्या होत्या. गोदूबाय रिकाम्या डब्याचं झाकण उघडत-लावत होती. उन्नतीला वाटलं, ती मेघालीच्या सासूला काय तोंड दाखवायचं याचा विचार करत असेल.

"त्यानं गुंगी येते म्हनलीस तू."

"जास्त झालं तर. असं दिसलंय."

"मंग केसरीनाथ सुखानं निजला न्हवता."

उन्नतीनं तिचा हात धरला. तिनं आजीला सांगितलं की तो आधीच आजारी होता, दूध टिकत नव्हतं, इतक्या वर्षांनी तो कशानं गेला हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकणार नाही आणि कुठलं यंत्रही नाही. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. गोदूबायनं ते सगळं ऐकून घेतलं, मानही हलवली. पण तिच्याकडं जे दोन दिवस होते ते आता तिचे राहिले नव्हते. लेकराच्या मरणाचं दुःख तिनं तरुणपणीच पचवलं होतं. हे दुःख त्याच्याहून वाईट होतं, कारण ते पचवायला आता तेवढं आयुष्य शिल्लक नव्हतं.

घरी जाण्याआधी तिनं गाडी भिवंडीच्या बाजारात घ्यायला लावली. महमूद पोती झाकत होता. ती फळीपाशी उभी राहिली आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणाली की तुझं आणि माझं एकच निघालं, दोन्ही बुडालं, तुला बोलले ते चुकलं. महमूदनं स्टूल पुसून पुढं केलं.

"मी तर दुआ करत होतो, गोदूबाय," तो म्हणाला, "की तुमचं वेगळं निघू दे."

त्या दिवशी तिनं चहा घेतला. अर्धा प्यायली, अर्धा तसाच राहिला. निघताना तिनं त्याला सांगितलं की लेकरांसाठी मागायला कुणी आलं तर वेखंड देऊ नकोस. महमूदनं ते मान्य केलं. सहाण तिनं घरी जाऊन माळ्यावर टाकली. मग ती एकेका घरी गेली, जिथं जिथं तान्हं होतं तिथं, आणि यापुढं गुटी नाही, टाळूला पूड नाही, असं सांगून आली. लोकांना वाटलं म्हातारीनं धसका घेतला. काही सासवांनी तर उलट तिलाच शहाणपण शिकवलं, की आमची मुलं याच्यावरच वाढली, इतकं काय ते. ती कुणाशी भांडली नाही, आणि हेच बघून गावाला काळजी वाटली.

पावसाळा सरता सरता मेघाली स्वतः तिच्या दारात आली. कडेवर मुलगा. सासूचं मनगट दुखावलं होतं आणि पोराला न्हाऊ घालायचं मेघालीला अजून जमत नव्हतं, साबणाच्या हातातून तो सटकायचा. ती चाचरत म्हणाली, नुसती आंघोळ घालाल का, बाकी काही नको. गोदूबाय उठली. बाकी काही माझ्याकडं राहिलंच नाही, असं म्हणत तिनं पाणी तापायला ठेवलं.

न्हाणीत पाय लांब करून ती बसली आणि मुलाला घेतलं. पोरगं आता चांगलं गुटगुटीत झालं होतं. पहिला तांब्या पाठीवर पडला आणि त्यानं असं भोकाड पसरलं की गोदामावरच्या हमालांनीही माना वळवून पाहिलं. पाय झाडत होता, मुठी आवळत होता, लालबुंद झाला होता. मेघाली ओशाळली. आधी तो एवढा रडायचा नाही, गुटी घेतली की गप्प झोपून जायचा, असं सांगत ती त्याला चुचकारायला खाली वाकली.

गोदूबायनं ओल्या हातानं तिला अडवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

"नको गो, बाय. रडू दे त्याला," ती म्हणाली. "एकाला मी गप केला व्हता."